पट्टीवरचा हात

सुतारकामातलं माझं पहिलं काम म्हणजे पट्टीवर बसणं. आप्पा, म्हणजे माझे चुलते, आठ बाय चारच्या प्लायवर पेन्सिलीने रेघ मारायचे, रेघेला लावून सागवानाची रंधून सरळ केलेली पट्टी ठेवायचे आणि मला म्हणायचे, "बस." मी चौदा वर्षांचा, अंगावर मांस नाही. एक गुडघा पट्टीच्या या टोकावर, दोन्ही तळवे त्या टोकाकडे, असा मी ओणवा व्हायचो आणि आप्पांचं चार इंची कटर माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावरून किंचाळत पुढे जायचं. ते खरं तर फरशी कापायचं मशीन. त्याला लाकडाचं पातं लावून आपल्याकडे कितीतरी सुतारकाम चालतं, तेही गार्ड काढून ठेवून. हे चूक आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पट्टी अर्धा सूत हलली तरी आप्पांना कळायचं. ते ओरडायचे नाहीत. मशीन बंद करून माझ्याकडे नुसते बघायचे. त्यापेक्षा एक ठेवून दिलेली परवडली असती.

पुढे मी मिस्त्री झालो, हाताखाली पोरं आली, आणि मीही त्यांना "बस" म्हणायला लागलो. शिकंजे नव्हते असं नाही. साइटवर पाच-सहा सी-क्लॅम्प कायम असायचे. पण शिकंज्याला कड लागते. त्याचा जबडा चार-सहा इंच आत पोचतो, त्याच्या पुढे नाही. पट्टी दोन्ही टोकांना आवळली तरी आठ फुटांच्या लांबीत तिचं पोट मोकळंच राहतं. मशीनचा रेटा लागला की तिथे ती वाकते आणि काप धनुष्यासारखा येतो. शिवाय एखादा काप शीटच्या मधूनच सुरू होऊन मधेच संपणारा असला तर शिकंजा लावणार कुठे? म्हणून मधे पोरगा. सुतारकामातल्या हत्यारांची यादी कोणी केली तर त्यात हा पोरगा कधी येत नाही, पण सरळ काप त्याच्याच गुडघ्यावर उभा असायचा.

सात-आठ वर्षांपूर्वी मी हिय्या करून ट्रॅक सॉ घेतला. १४०० मिलिमीटरच्या दोन ॲल्युमिनियमच्या रेल, जोडल्या की २४४० ची अख्खी शीट एका दमात कापता येते. रेलच्या पोटाला मऊ पट्ट्या चिकटवलेल्या असतात. कडेला आणखी एक पातळ पट्टी असते, ती पहिल्या कापात त्याच मशीनच्या पात्याने छाटली जाते आणि मग तीच कड म्हणजे कापाची रेघ. पेन्सिलीच्या खुणेवर कड ठेवली की पातं तिथूनच जाणार. तिचा दुसरा उपयोग मला जास्त आवडतो. या मशीनच्या पात्याचे दात लाकडात खालून वर येतात, त्यामुळे वरच्या सनमायकाच्या चिपा उडतात. ही पट्टी त्या चिपांना दाबून धरते. पूर्वी आम्ही त्यासाठी रेघेवर मास्किंग टेप लावायचो आणि देवाचं नाव घ्यायचो.

दुकानदार म्हणाला, रेलला धरायची गरज नाही, खालच्या पट्ट्यांनीच ती बसून राहते. तो खोटं बोलला नव्हता. त्याच्या दुकानातल्या शीटवर ती राहतही होती. पण साइटवरची शीट म्हणजे भुसा, पीओपीची पावडर आणि रंगाऱ्याने घासलेल्या पुट्टीची धूळ. मऊ पट्ट्यांना तो थर बसला की रेल पाटावरच्या साबणासारखी सरकते. ग्लॉसी सनमायकावर तर विचारूच नका. आणि एक गोष्ट मला उशिरा कळली: रेल सरकते ती बहुतेक वेळा पात्याच्या रेट्याने नाहीच. मशीनच्या मागून येणारी वायर किंवा भुसा ओढणारा पाइप रेलच्या टोकाला अडकतो. तुम्ही पुढे ढकलत असता, पाइप मागे खेचत असतो, आणि या ओढाताणीत रेल बिचारी तिरकी होते. तेव्हा एवढं महागाचं मशीन घेऊनसुद्धा मी पुन्हा पोराला म्हणालो, "बस."

बाणेरच्या एका फ्लॅटमध्ये आमच्या शेजारच्या खोलीत टाइलवाल्यांचं काम चाललं होतं. १२०० बाय २४०० चे मोठे स्लॅब. एक जण स्लॅबवर लांब ॲल्युमिनियमची रेल ठेवत होता, तिला दोन्ही टोकांना रबरी कप होते. ओल्या फडक्याने स्लॅब पुसायचा, कप टेकवायचा, काठी खाली दाबायची, बस. मग रेलवरून चाकं लावलेला कटर ओढून रेघ पाडायची आणि पकडीने स्लॅब मोडायचा. स्लॅबच्या मधोमध रेल ठेवली तरी तिला कोणी धरलेलं नव्हतं. मी चहा हातात धरून अर्धा तास बघत उभा राहिलो. टाइलवाल्याला वाटलं मी त्याचं काम तपासतोय.

दुसऱ्या दिवशी रविवार पेठेत बोहरी आळीत गेलो. काचवाले काच उचलायला वापरतात ते एका कपाचे लिफ्टर मिळाले, ११५ मिलिमीटर व्यासाचे. चार घेतले. कप थेट रेलखाली बसत नाही, तेवढी जागाच नसते. म्हणून तो रेलच्या मागच्या बाजूला, पातं जातं त्याच्या उलट अंगाला, शीटवर बसवायचा आणि त्याच्या मुठीला जोडलेला एक हात रेलच्या मागच्या कडेवर दाबून धरेल असं करायचं. तो हात मी २५ बाय ५ च्या ॲल्युमिनियमच्या पट्टीचा केला. पहिले दोन फुकट गेले. कप नुसता शीटला चिकटून राहायचा आणि हात रेलवर नुसता टेकायचा, दाबायचा नाही. मग टोक दोन मिलिमीटर खाली वाकवलं आणि त्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला. आता अंगठ्याने मूठ खाली दाबून काठी पाडली की हात रेलवर बसतो तो बसतोच.

पहिल्या दिवशी मी रेलला दोन कप लावले आणि रेल धरून अख्खी शीट ओढून बघितली. घोड्यांवर ठेवलेली तीस-बत्तीस किलोची शीट रेलसकट सरकली, रेल शीटवरून हलली नाही. पोरगा हसायला लागला. मलाही हसू आलं.

शाळेत विज्ञानाच्या पुस्तकात एक चित्र होतं: दोन अर्धे पोकळ गोळे एकमेकांना लावलेले आणि दोन्हीकडून घोड्यांच्या रांगा ते ओढताहेत. जर्मनीतल्या माग्देबुर्गच्या ऑटो फॉन गेरिकेचा सतराव्या शतकाच्या मध्यातला प्रयोग. गोळ्यांमधली हवा काढली होती, घोड्यांना ते सुटले नाहीत. परीक्षेपुरतं ते पाठ केलं आणि विसरलो. ते चित्र पुन्हा आठवलं ते त्या कपामुळे. कप काही ओढत नाही. तो फक्त आपल्या पोटातली हवा पातळ करतो. दाबते ती बाहेरची हवा. समुद्रसपाटीला ती दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोहून किंचित जास्त दाबते. ११५ मिलिमीटरच्या कपाचं क्षेत्रफळ १०४ चौरस सेंटिमीटर. आत पुरी पोकळी झाली तर शंभर किलोच्या वर. हातकाठीच्या कपात पुरी पोकळी होत नाही. निम्मी धरली तरी पन्नास किलो. म्हणजे पट्टीवर बसणाऱ्या चौदा वर्षांच्या मला उचलून बाजूला ठेवेल एवढं वजन एका तळहाताएवढ्या रबरात होतं.

हा हिशेब मी महाबळेश्वरच्या एका बंगल्याच्या कामावर रात्री बसून मांडला. तिथली उंची सुमारे १३७० मीटर, त्यामुळे हवाच पंधरा टक्क्यांनी हलकी. तिथे मी तिसरा कप लावायला लागलो, गरज असो नसो.

पण हिशेबात एक गोम आहे, ती मला फटका बसल्यावर उमगली. पन्नास किलो हे कप सरळ वर ओढून काढायचे. बाजूला सरकवायला तेवढे लागत नाहीत. तिथे फक्त रबराचं घर्षण कामाला येतं. आणि रेल कधी वर उडत नाही, ती सरकतेच. शिवाय टाइलवाल्याचं बघून मीही शीट ओल्या फडक्याने पुसायचो. पाण्याने कपाची कड घट्ट बसते, हवा झिरपत नाही, हे खरं. पण तेच पाणी रबराला घसरायला वाटही करून देतं. टाइलवाल्याचं त्याने बिघडत नाही, त्याचा कटर चाकावर अलगद चालतो. माझ्या मशीनला ते चालणार नव्हतं. आता मी ओल्याने पुसतो, मग सुती कापडाने कोरडं करतो, आणि कपाच्या कडेवर फक्त तोंडाची वाफ सोडतो, चष्मा पुसताना सोडतात तशी.

फटका बसला तो एका टीव्ही युनिटच्या भिंतीवर. दहा फूट रुंद, छतापर्यंत उंच पॅनेल, गडद राखी ग्लॉसी सनमायका, सगळं फिट करून झालेलं. मालकीणबाई आल्या, त्यांनी बघितलं, आणि म्हणाल्या की डाव्या बाजूला एक कोनाडा हवा होता, समई ठेवायला. हे असं पॅनेल लागल्यावरच आठवतं. आता उभ्या भिंतीवर, पॅनेलच्या मधोमध, चार फुटांचा काप. शिकंजा लावायला कड नाही. पट्टीला स्क्रू मारले तर सनमायकाला भोकं पडणार. दुहेरी टेपने चिकटवली तर काढताना काय निघून येईल ते सांगता येत नाही. मी मोठ्या ऐटीत कप काढले.

मागे लाकडी चौकट आणि तिच्यात विजेच्या वायरी. म्हणून पात्याची खोली १९ वर बांधली, १८ चा प्लाय आणि १ ची सनमायका, त्याच्या पलीकडे दात जायला नको. रेल उभ्याने लावली, चार कप. ओल्या फडक्याने पुसून. ओढून बघितलं, पक्की. तेवढ्यात पोरगा म्हणाला, डबे गार होताहेत. आम्ही जेवायला बसलो.

चाळीस मिनिटांनी परत आलो. रेल जागेवर दिसत होती. मी मशीन चढवलं, पातं आत घातलं, आणि हातभर गेल्यावर रेल हळूच खाली उतरली. आवाज नाही, झटका नाही. चार कपांपैकी दोन केव्हाच हवा गिळून बसले होते, उरलेले दोन ओल्या सनमायकावरून घसरले. मी बोट उचलेपर्यंत पॅनेलवर पाचरीच्या आकाराचा, एका टोकाला सहा मिलिमीटर रुंद असा खड्डा पडला होता. राखी आरशात माझं तोंड दिसत होतं. एक शीट आणि दोन दिवस गेले. मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, आप्पांसारख्याच बघत राहिल्या.

शिकंजा सुटायच्या आधी कुरकुरतो, त्याचा स्क्रू हाताला सैल लागतो. पोरगा दमला तर तो सांगतो, किंवा निदान त्याचा गुडघा थरथरतो. कप मात्र शेवटच्या क्षणापर्यंत धरल्यासारखाच दिसतो. तेव्हापासून मी पंपाचे कप घेतले. त्यांच्या दांड्यावर एक लाल कडं असतं. आतली पोकळी कमी झाली की दांडा बाहेर सरकून लाल रंग दिसायला लागतो. लाल दिसलं की दोनदा पंप मारायचा. आणि रेल लावली की दोन्ही टोकांना कडेला पेन्सिलीची बारीक टीक मारतो. काप सुरू करायच्या आधी, जेवण झालेलं असो नसो, टीक बघायची, प्रत्येक कप हाताने हिसकून बघायचा. पोरं याला माझी पूजा म्हणतात.

कोणत्या पृष्ठभागावर कप चालतो हे अनुभवानेच कळत गेलं. ग्लॉसी सनमायका, ॲक्रिलिक, काच, तयार पॉलिश केलेलं लाकूड यांच्यावर राज्य. स्वीड फिनिशच्या सनमायकाला हाताला जेमतेम जाणवणारा खरखरीतपणा असतो, तिथे कप पाच-दहा मिनिटं धरतो आणि मग हळूहळू मान टाकतो. तेवढ्यात काप संपवायचा. लाकडाच्या रेषा उठवलेल्या टेक्श्चर सनमायकावर लावूच नये, प्रत्येक रेष म्हणजे हवेची पन्हळ. कच्चा प्लाय श्वास घेतो. त्याच्यावर कपाच्या जागी खाकी पॅकिंग टेपचे दोन पट्टे शेजारी-शेजारी, जोड एकमेकांवर येईल असे चिकटवले की काम भागतं. कच्च्या सागाच्या रंध्रांतून तर हवा सरळ वाहते. आणि ताज्या पॉलिशवर कप लावला तर तो धरतो छान, पण काढल्यावर गोल वळं उमटून राहतं. एकदा डायनिंग टेबलावर उमटलं, ते घासून पुन्हा स्प्रे मारावा लागला.

एमडीएफचं मला मोठं कोडं होतं. दिसायला गुळगुळीत, हाताला कागदासारखा, पण कप टिकत नाही. उत्तर भोसरीत मिळालं, एका शटर बनवणाऱ्या कारखान्यात. तिथल्या सीएनसी मशीनच्या टेबलाखाली मोठा व्हॅक्यूम पंप आणि टेबलावर अंथरलेली काय, तर कच्च्या एमडीएफची शीट! तिचे दोन्ही तळ मशीननेच तासून वरचा कडक पापुद्रा काढून टाकलेला, कडा मात्र रंगाने बंद. पंप त्या एमडीएफमधून आरपार हवा ओढतो आणि वर ठेवलेलं पॅनेल चिकटून बसतं. माझ्या कपाला जी गळती नडत होती, तिच्यावरच यांचं सगळं काम चाललं होतं. फरक एवढाच की त्यांचा पंप दिवसभर थांबत नाही, गळेल तितकी हवा ओढत राहतो, आणि माझा कप एकदा श्वास रोखून बसतो. जर्मन कंपन्या व्हॅक्यूमवर चालणारी पकड-यंत्रं विकतात, त्यांची चित्रं मी बघितली आहेत. माझ्या दोन महिन्यांच्या कमाईत ती बसत नाहीत, आणि साइटवर लाइट गेली की रेलही जायची.

कपाची निगा कपाइतकीच साधी आणि कपाइतकीच विसरायला सोपी. कडेवर भुशाचा एक कण पुरतो. कप कडेवर टेकवून ठेवला तर कड वाकडी होते आणि तशीच राहते. उलटा, तोंड वर करून ठेवायचा. एप्रिलमध्ये गाडीच्या डिकीत राहिलेल्या दोन कपांचं रबर चामड्यासारखं झालं. तेल लावून मऊ करू नये, मी केलंय.

खंडेनवमीला हत्यारं मांडतो तेव्हा आप्पांचा जुना रंधा पहिला, मग पटाश्या, करवती, गुण्या, मग मशीनं. पहिल्या वर्षी कप ठेवावेत की नाही, मला कळेना. पोराने ते रेलच्या शेजारी मांडले, प्रत्येकाच्या तोंडावर एक झेंडूचं फूल. गंध कुठे लावायचं म्हणून त्याने विचारलं. मी म्हणालो, मुठीला लाव, रबराला नको, खराब होईल.

याच पोराविषयी मला थोडं वाईट वाटत होतं. लातूरकडचा, सोळा-सतरा वर्षांचा, शिकायची हौस. कप आले आणि त्याच्याकडे काप चालू असताना करायला काही उरलं नाही. मी त्या गुडघ्यावर बसून किती गोष्टी शिकलो होतो, कोणीही न शिकवता: पातं कुठे अडतं, प्लायच्या आत पोकळ जागा आली की आवाज कसा बदलतो, आप्पा रेटा कधी कमी करतात. माझी बोटं शाबूत राहिली हे नशीब. तशी शिकवणी कोणाला द्यावी असं मी म्हणणार नाही. पण आता पोरगा काप चालू असताना खिडकीपाशी मोबाइल बघत उभा राहायचा आणि मी हाक मारली की तुकडा उचलायला यायचा. त्याला मशीन देतो आता मी, पण चार वर्षांचं बघणं कुठून देणार?

गेल्या पावसाळ्यात वाकडला वॉर्डरोबच्या शटरचे काप चालले होते. तीन कप, रेल पक्की, टीक जागेवर. मी अर्ध्यात पोचलो तर त्याचा तळवा रेलच्या मागच्या अंगावर टेकलेला दिसला, पात्यापासून लांब. मी मशीन थांबवलं.

"हात कशाला? कप आहेत ना?"

"धरत नव्हतो, मिस्त्री. नुसता ठेवला होता." तो ओशाळला. मग म्हणाला, "पण रेलला मुंग्या येताहेत. सकाळी येत नव्हत्या."

मी रेलवर हात ठेवून मशीन पुन्हा चालू केलं. मशीनच्या मुठीत मला काहीच लागलं नव्हतं. रेलमध्ये लागलं: बारीक, ठरलेल्या अंतराने येणारा ठोका.

प्लग काढला, पातं उतरवून उजेडात धरलं. दातांवर प्लायच्या डिंकाची काळी पुटं चढली होती आणि दोन दातांचे कार्बाइडचे तुकडे उडून गेले होते. "त्या डब्यात नवं पातं आहे, आण," मी म्हणालो. तो घेऊन आला. मी पाना त्याच्याकडे दिला आणि बाजूला झालो.